ख्रिस्ती विश्वासांगीकारांतील विश्वास आणि क्षमा

ख्रिस्ती धर्माच्या संक्षिप्त श्रद्धाविधानांना मराठीत ‘मतांगीकार’ आणि ‘विश्वासांगीकार’ अशी दोन्ही नावे आहेत. पहिल्या नावात अमुक गोष्ट खरी आहे हे मान्य करण्यावर भर आहे, तर दुसऱ्यात कोणावर तरी भिस्त ठेवण्यावर. पाश्चात्त्य चर्चमध्ये प्रचलित असलेल्या ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ या विधानाच्या शेवटच्या भागात ‘पापांची क्षमा’ हे दोन शब्दांचे कलम येते. त्याचा अर्थ लावताना झालेले बरेचसे वाद या दोन भरांच्या ओढाताणीतून निघाले आहेत: क्षमा असते एवढे मानले की पुरे, की ती आपल्याला मिळाली आहे असे धरून चालायचे?

या विधानाच्या लॅटिन पाठाचा पहिला शब्द ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो संस्कृत ‘श्रद्धा’ या शब्दाचा सगोत्र आहे. पुढे येणारे ‘इन’ (‘-वर’) हे अव्यय बारकाईने पाहण्यासारखे आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या उल्लेखांबरोबर ते येते. मंडळी (म्हणजे चर्च), पापांची क्षमा व देहाचे पुनरुत्थान यांच्या आधी येत नाही. इसवी सनाच्या 5व्या शतकाच्या आरंभी ॲक्विलियाचा धर्मपंडित रुफिनस याने या विधानावरील आपल्या भाष्यात याचे कारण दिले आहे. त्याच्या मते भरवसा ठेवायचा तो केवळ देवावर. मंडळी आणि क्षमा या त्याच्याकडून आलेल्या गोष्टी असून त्या आहेत असे मानायचे असते. ग्रीक भाषेतील नायसीन विधानात, म्हणजे 4थ्या शतकातील परिषदांशी निगडित असलेल्या दुसऱ्या प्रमुख अंगीकारात, मात्र हे अव्यय मंडळीच्याही आधी येते. त्यामुळे रुफिनसचा नियम सर्वत्र लागू पडत नाही. तरीही विश्वासाचा विषय व्यक्ती आहे, सिद्धांतांची यादी नव्हे, हा त्यातला मुद्दा पाश्चात्त्य परंपरेत टिकून राहिला.

या विधानांचा उगम बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने दिल्या जाणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेच्या, विधीत आहे. प्राचीन विधिग्रंथांतील वर्णनानुसार उमेदवार पाण्यात उभा राही, पिता, पुत्र व आत्मा यांच्याविषयी त्याला तीन प्रश्न विचारले जात, आणि ‘मी विश्वास ठेवतो’ या प्रत्येक उत्तरानंतर त्याला पाण्यात बुडवले जाई. पुढे 4थ्या शतकात बिशप हे विधान उमेदवारांना तोंडी शिकवीत आणि काही दिवसांनी त्यांनी ते मुखोद्गत म्हणून दाखवायचे असे. ते कागदावर उतरवू नका, स्मरणात ठेवा, असे उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन त्यांना बजावत असे. रोममधील नामांकित वक्तृत्वशिक्षक मारिउस व्हिक्टोरिनुस याने हा अंगीकार खाजगीत करावा अशी मुभा तिथल्या धर्मगुरूंनी देऊ केली होती. ती नाकारून तो सर्वांसमोर उंच जागी उभा राहिला, आणि जमलेल्या लोकांत त्याच्या नावाची कुजबुज पसरली, असे ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. इथे ‘क्रेडो’ म्हणणे म्हणजे मत नोंदवणे नव्हते. स्वतःला जाहीरपणे बांधून घेणे होते.

क्षमेचे कलम सर्व पाठांत सारखे नाही. नायसियाच्या इ. स. 325च्या परिषदेने संमत केलेले विधान पवित्र आत्म्याच्या उल्लेखाशी संपते आणि त्यापुढे विरोधी मते मानणाऱ्यांवरील बहिष्काराची वाक्ये येतात; क्षमा त्यात नाही. इ. स. 381च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी निगडित असलेल्या विस्तारित पाठात (आज ‘नायसीन विधान’ म्हणून म्हटला जातो तो हाच) ती येते, पण बाप्तिस्म्याला जोडून: ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा आम्ही मान्य करतो.’ इथला ग्रीक शब्द ‘आफेसिस’ म्हणजे सोडून देणे. बंदिवानाची सुटका आणि कर्जमाफी या दोन्हींसाठी तो वापरला जाई. मराठीतील ‘ऋण सोडणे’ हा प्रयोग त्याच्या बराच जवळ जातो, ‘माफी’ तितकासा नाही.

‘एकच बाप्तिस्मा’ म्हटल्यावर त्यानंतर घडलेल्या पापांचे काय, हा प्रश्न उरतोच. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो इ. स. 337मध्ये, मरणाच्या उंबरठ्यावर. नंतरच्या पापांच्या धास्तीने केलेली अशी दिरंगाई त्या काळी दुर्मीळ नव्हती. त्याआधी इ. स. 250 च्या सुमारास डेशियस या रोमन सम्राटाने केलेल्या छळात ज्या ख्रिस्ती लोकांनी रोमन देवतांना बळी दिले, त्यांना मंडळीत परत घ्यावे की नाही यावरून रोममध्ये फूट पडली. नोव्हाशियनचा गट त्यांना पुन्हा प्रवेश देण्यास राजी नव्हता. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रायश्चित्तानंतर परतण्याची वाट मोकळी ठेवली. ऑगस्टिनने उमेदवारांना हे कलम समजावताना क्षमेचे तीन मार्ग सांगितले: एकदाच होणारा बाप्तिस्मा, रोजची प्रार्थना आणि गंभीर अपराधांसाठी जाहीर प्रायश्चित्त.

सोळाव्या शतकात या कलमावर सर्वांत जास्त ताण आला. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर जर्मनीतील एर्फुर्टच्या मठात असताना अपराधभावनेने बेजार झाला होता. तेव्हा एका वृद्ध मठवासीयाने त्याला याच कलमाची आठवण करून दिली, असे त्याचा सहकारी मेलांक्थॉन याने 1546मध्ये लिहिले आहे. बायबलमधील दावीद राजाला किंवा प्रेषित पेत्राला क्षमा मिळाली एवढे तर भुतेही मानतात. तुला स्वतःला ती मिळाली आहे असे तू मानावेस ही देवाची आज्ञा आहे, असा त्या बोधाचा आशय होता. विधानाचा एक शब्दही बदलला नव्हता, फक्त त्यात ‘माझ्या’ हा शब्द ऐकला गेला. 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने (प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेने) ही भूमिका 21व्या उत्तरात नेमकी मांडली आहे: खरा विश्वास म्हणजे केवळ खात्रीचे ज्ञान नव्हे, तर क्षमा इतरांनाच नव्हे तर मलाही दिली आहे असा मनापासूनचा भरवसा.

कॅथोलिक बाजूचा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. 1518मध्ये ऑग्सबर्ग येथे कार्डिनल कायेतानने ल्यूथरची चौकशी केली, तेव्हा वादाचा एक विषय हाच होता. क्षमा मिळाल्याच्या खात्रीवर क्षमा अवलंबून ठेवली, तर माणसाचा आधार देवावरून सरकून स्वतःच्या मनःस्थितीवर येतो, अशी ही शंका आहे. ट्रेंटच्या कॅथोलिक परिषदेने 1547मध्ये अशा पोकळ आत्मविश्वासाविरुद्ध इशारा दिला. देवाच्या दयेवर मात्र शंका घेऊ नये, असेही त्याच प्रकरणात म्हटले आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्येच कॅथोलिक चर्च व लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्र स्वीकारले. स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहून चिंता वाटणे आणि देवाच्या वचनावर विसंबणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, अशी मांडणी त्यात आहे.

येशू सोडल्यास प्रेषितांच्या विश्वासांगीकारात दोनच माणसांची नावे आहेत: मरिया आणि पंतय पिलात. येशूला क्रुसावर देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि पापांची क्षमा एकाच श्वासात म्हटली जातात, पण त्या दोहोंचा संबंध विधान जोडून दाखवत नाही. दुसऱ्याला क्षमा करण्याविषयीही ते काही बोलत नाही. ती बाजू येशूने शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’त येते. ऑगस्टिन उमेदवारांना ही प्रार्थना विश्वासांगीकारानंतर शिकवीत असे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायझंटाइन उपासनेत हा क्रम वेगळ्या रीतीने साधला आहे. तिथे ‘आपण एकमेकांवर प्रीती करू या, म्हणजे एकचित्ताने अंगीकार करू’ अशी हाक आधी दिली जाते, शांतीचे चुंबन होते, आणि त्यानंतर नायसीन विधान म्हटले जाते.