लिनक्स आणि विंडोजवर दुरून बिल्ड: काम सुरू होण्याआधी वाचून घ्या

लिनक्सची तीन-चार मशीन, सोबत एखादं विंडोज, आणि सगळ्यांवर एकाच जागेवरून बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आज्ञांची फाइल) चालवायची. हे आम्ही बसवून देतो. जोडणी हा त्यातला सोपा भाग. लिनक्सवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे दुरून आज्ञा चालवायची सोय) बहुतेक वेळा असतंच. विंडोजवर विनआरएम (अशीच विंडोजची स्वतःची सोय) वापरता येतं (पोर्ट ५९८५, एचटीटीपीएस असेल तर ५९८६), नाहीतर विंडोज सर्व्हर २०१९ पासून मिळणारं ओपनएसएसएच, म्हणजे तेच एसएसएच. आम्ही शक्यतो ओपनएसएसएच घेतो, म्हणजे दोन्हीकडे पोर्ट २२ आणि एकच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलची जोडी; त्यातली पब्लिक की समोरच्या मशीनवर ठेवतात) पुरते. मेख एवढीच, की विंडोजचं खातं ॲडमिन असेल तर पब्लिक की त्या युजरच्या फोल्डरमध्ये ठेवून चालत नाही, ती प्रोग्रामडेटातल्या एसएसएच फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये घालावी लागते. आमची एक अख्खी दुपार यात गेलेली आहे.

खरी डोकेदुखी म्हणजे खोटं 'यशस्वी'. बिल्ड मध्येच कोसळतो, पण स्क्रीनवर हिरवा टिक. स्क्रिप्टने शेवटी परत दिलेला एक्झिट कोड (यश की अपयश हे सांगणारा आकडा) शून्य असला की पलीकडचं मशीन 'सगळं ठीक' समजतं. लिनक्सवर मेकचं (बिल्ड करणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपने टी कमांडकडे (ती ते स्क्रीनवर दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते) देऊन लॉग ठेवला, तर कोड मेकचा नाही, टीचा मिळतो. म्हणून आमच्या प्रत्येक बॅश स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतली कुठलीही कमांड फसली तर अपयशच कळवणारी सेटिंग) चालू असतं. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये 'एरर आली की थांब' असं सांगून ठेवलं तरी बाहेरचा कंपायलर फेल झाल्यावर स्क्रिप्ट पुढेच पळते. प्रत्येक पायरीनंतर लास्टएक्झिटकोड (शेवटच्या बाहेरच्या प्रोग्रामचा एक्झिट कोड) तपासावाच लागतो. आणि रोबोकॉपीची (विंडोजच्या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडची) तऱ्हाच न्यारी: तिथे १ म्हणजे फाइल नीट कॉपी झाल्या, बिघाड ८ पासून पुढे. शून्य नाही म्हणून बिल्ड पाडणारी स्क्रिप्ट इथे उलटी फसते.

आणखी एक तक्रार वारंवार येते: 'फाइल समोर दिसतेय, तरी लिनक्स म्हणतं सापडत नाही.' स्क्रिप्ट विंडोजवर एडिट केलेली असते. ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर चिकटतं आणि लिनक्स 'बॅश'ऐवजी त्या अक्षरासकटचा प्रोग्राम शोधत बसतं. यावर उपाय गिटॲट्रिब्युट्स फाइलमध्ये (कोड सांभाळणाऱ्या गिट टूलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एका ओळीत होतो, तो आम्ही पहिल्याच दिवशी करतो.

विंडोजवर पाथ २६० अक्षरांपुढे गेला की बरीच टूल्स अडतात. त्यामुळे पाथ आखूड राहावा म्हणून सी ड्राइव्हवर नुसतं 'बी' नावाचं फोल्डर दिसलं तर ते आमचंच. कृपया नाव बदलू नका.

तुमच्याकडून हवं ते असं: बिल्डसाठी वेगळं खातं, कोणाचं रोजचं नको. फायरवॉलमध्ये ठरलेलं पोर्ट फक्त आमच्या कंट्रोल मशीनसाठी (जिथून सगळ्या स्क्रिप्ट चालवतो त्यासाठी) उघडं. आणि मॅप केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर काही अवलंबून असेल तर आधी सांगा. तुम्ही लॉगिन केल्यावर दिसणारी ती ड्राइव्ह दुरून चालणाऱ्या स्क्रिप्टला दिसत नाही.