मेटा कीवर्ड भरून साइट गूगलवर वर येत नाही

‘मेटा कीवर्डच्या रकान्यात वीस-तीस शब्द भरा, साइट वर येईल’ हा सल्ला आजही पैसे घेऊन दिला जातो. मेटा कीवर्ड म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शोधशब्दांची यादी, म्हणजेच एक टॅग. गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं की वेब शोधाच्या क्रमवारीत हा टॅग ते वापरत नाहीत. कारण साधं आहे: तो वाचकाला दिसत नाही, त्यामुळे लोक त्यात पानाशी संबंध नसलेले शब्द कोंबत. तो भरलेला असेल तर घाबरू नका, पण त्यावर वेळही घालवू नका.

ती मेहनत टायटलवर, म्हणजे शोधाच्या निकालात पानाचं नाव म्हणून दिसणाऱ्या ओळीवर करा. पेढ्यांच्या पानाचं टायटल नुसतं ‘मुख्यपृष्ठ’ असेल, तर त्यातून कुणालाच काही कळत नाही. ‘सातारी कंदी पेढे: अर्धा व एक किलोचे दर’ असं लिहा. प्रत्येक पानाला वेगळं टायटल हवं आणि पानावरचं मुख्य शीर्षक त्याच्याशी जुळायला हवं, नाहीतर गूगल स्वतःच दुसरं टायटल दाखवू शकतं.

मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे कोडमध्ये लिहिलेला पानाचा छोटा सारांश, यानेही पान क्रमवारीत वर जात नाही, मात्र निकालाखाली तो मजकूर बऱ्याचदा दिसतो. म्हणून तो नीट लिहाच. बदल झाल्यावर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पानाचा पत्ता टाकून पान पुन्हा तपासण्याची विनंती करा.