प्रकाशाची गळती थांबवण्याची शंभर वर्षं

ठाण्यात ज्यांनी बी.एस्सी.ला फिजिक्सची प्रॅक्टिकल्स केली, त्यांना सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा आठवत असतील. स्पेक्ट्रोमीटरवर ग्रेटिंग (बारीक समांतर खाचांची पट्टी, जी प्रकाशाचे रंग वेगळे करते) बसवायची, दुर्बीण हळूहळू सरकवायची, आणि दुसऱ्या ऑर्डरला, म्हणजे मध्यापासून दुसऱ्या वर्णपटात, एकच वाटणारी रेष फुटून दोन व्हायच्या: 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. प्रकाश एखाद्या रचनेत अडकवून ठेवण्याच्या विषयाची सुरुवात एवढ्याशा अंतरातच दडलेली आहे.

1902 साली अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी धातूच्या ग्रेटिंगवर साध्या दिव्याचा प्रकाश टाकला. वर्णपट एका जागी एकदम काळवंडला. भरपूर उजेडापासून अंधारापर्यंतचा उतार सोडियमच्या त्या दोन रेषांमधल्या अंतरातच उरकला होता, आणि तोही फक्त खाचांना काटकोनात ध्रुवित असलेल्या, म्हणजे त्याच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात. रॅले यांनी 1907 मध्ये त्याचं अर्धंमुर्धं उत्तर दिलं. 1941 साली उगो फानो यांनी खरं कारण सांगितलं: प्रकाश धातूच्या पृष्ठभागालगत तरंग होऊन धावतो. त्यासाठी खाचांमधलं अंतर तरंगलांबीच्या आसपास लागतं. नौपाड्यात कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगलेल्या सीडीवरच्या खाचाही 1.6 मायक्रोमीटरवरच असतात.

पण धातूत रेझोनन्स, म्हणजे जुळणाऱ्या तरंगलांबीच्या प्रकाशाचं घुमत राहणं, टिकत नाही. सोन्या-चांदीच्या सुट्या नॅनोकणांत क्यू-गुणांक (प्रकाश किती टिकून राहतो याचं माप) बहुधा 10च्या आसपासच राहतो. ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेली बाहेर फेकली जाते. पहिल्या, उष्णतेच्या गळतीवर उपाय सोपा होता: इन्फ्रारेडमध्ये पारदर्शक असलेलं सिलिकॉन घ्यायचं.

दुसऱ्या, बाहेर फेकल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या गळतीचं उत्तर 1929 पासून कागदावर होतं. फॉन नॉयमन आणि विग्नर यांनी दाखवलं होतं की सुटण्याइतकी ऊर्जा असूनही लहर अडकून राहू शकते, कारण बाहेर पडणारे तरंग एकमेकांना खोडून टाकतात. प्रकाशशास्त्रात ही कल्पना 2008 च्या सुमाराला रुजली. 2013 मध्ये छिद्रं पाडलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पत्र्यात असा अडकलेला प्रकाश प्रत्यक्ष दिसला.

मात्र जिथून प्रकाश अजिबात बाहेर येत नाही, तिथे तो बाहेरून आतही शिरत नाही. म्हणून मला 2018 चं कोशेलेव्ह आणि सहकाऱ्यांचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. नॅनोखांबांची सममिती मुद्दाम किंचित बिघडवायची. बिघाड निम्मा केला की क्यू चौपट होतो. गळती किती ठेवायची हे रचना करणाऱ्याच्या हातात आलं.

तरी छिद्रांच्या खडबडीत कडांवरून प्रकाश विखुरतोच. 2019 मध्ये पूर्ण अडकलेल्या प्रकाशाच्या अशा अनेक अवस्था एकत्र आणून सिलिकॉनमध्ये क्यू 4.9 लाखांपर्यंत नेण्यात आला, आणि कडांचा खडबडीतपणा तोच असूनही.