कामराज योजना

काँग्रेस पक्षाच्या ज्येष्ठ नेत्यांनी मंत्रिपदे सोडून पूर्णवेळ संघटनेचे काम करावे, अशी १९६३ मध्ये मांडली गेलेली व त्याच वर्षी अंशतः अमलात आलेली योजना. मद्रास राज्याचे (आताचे तमिळनाडू) तत्कालीन मुख्यमंत्री के. कामराज यांच्या नावाने ती ओळखली जाते. सत्तेत दीर्घकाळ राहून शिथिल झालेल्या पक्षाने आपले नूतनीकरण कसे करावे, या चर्चेत भारतात तिचा दाखला आजही दिला जातो.

पार्श्वभूमी : १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ४९४ पैकी ३६१ जागा मिळाल्या होत्या. तरीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील चीन युद्धाने सरकारची प्रतिष्ठा ढासळली. नवे दागिने १४ कॅरटहून अधिक शुद्ध नसावेत, या सुवर्ण नियंत्रणातील अटीमुळे सराफ-सोनारांत आणि सक्तीच्या बचत योजनेमुळे पगारदार व शेतकरी वर्गात रोष पसरला. मे १९६३ च्या पोटनिवडणुकांत काँग्रेसचे विरोधक निवडून आले : अमरोहा येथून जे. बी. कृपलानी, फर्रुखाबादहून राममनोहर लोहिया आणि राजकोटहून ‘स्वतंत्र’ पक्षाचे मिनू मसानी. जौनपूरमध्ये जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय मात्र हरले, ही गोष्ट या संदर्भात बहुधा सांगायची राहून जाते. पाठोपाठ ऑगस्टमध्ये कृपलानींनी लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. सभागृहातील बहुमत शाबूत होते. चिंता होती ती सभागृहाबाहेरची.

पक्षसंघटना आणि सरकार यांतील ओढाताण त्याहून जुनी. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच कृपलानींनी याच कारणावरून पक्षाध्यक्षपद सोडले, १९५१ मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांनाही तेच करावे लागले. त्यानंतर अध्यक्षपद हे पंतप्रधानांच्या छायेतील पद बनले. हाताशी कर्तबगार माणूस असेल तर तो मंत्रिमंडळात जाई, संघटनेत उरत ते तिकिटाच्या प्रतीक्षेतले. १९६० मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सोडून अध्यक्षपद घेतले, हा कामराज योजनेचा एक पूर्वदाखला मानता येईल. मात्र १९६२ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्रिपदी परतले.

उगमाचा प्रश्न : योजना मुळात कोणाची, याविषयी एकमत नाही. प्रचलित कथनानुसार कामराज यांनी १९६३ च्या उन्हाळ्यानंतर केव्हातरी, बहुधा जुलैमध्ये, पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंकडे आपण स्वतः मुख्यमंत्रिपद सोडून पक्षकार्यास वाहून घेण्याची इच्छा व्यक्त केली आणि नेहरूंनी ती कल्पना देशव्यापी केली. या कथनाला स्थानिक परिस्थितीचा आधार आहे. मद्रास विधानसभेत १९६२ मध्ये द्रविड मुन्नेत्र कळघमचे (द्रमुक) ५० सदस्य निवडून आले होते, आणि हा वाढता पक्ष सचिवालयात बसून रोखता येणार नाही असे कामराज यांना वाटत असल्यास नवल नाही. दुसऱ्या मतानुसार ओरिसाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक हे कल्पनेचे जनक किंवा निदान सहजनक होत. युद्धानंतर नेहरूंच्या निकट वर्तुळात त्यांचा वावर वाढला होता, हे खरे.

तिसरे मत हेतूविषयी आहे. योजनेचा खरा रोख अर्थमंत्री मोरारजी देसाई यांना वारसाक्रमातून दूर करण्यावर होता, असे स्वतः देसाई यांनी आत्मचरित्रात सूचित केले आहे. नेहरूंची प्रकृती खालावत होती आणि ‘नेहरूंनंतर कोण’ हा प्रश्न उघडपणे चर्चिला जात होता, त्यामुळे हा तर्क निराधार म्हणता येत नाही. परंतु देसाईंसोबत लालबहादूर शास्त्री यांनाही गृहमंत्रिपद सोडावे लागले, आणि राज्यांतील नावांची संगती केवळ वारसाप्रश्नाने लागत नाही. मायकेल ब्रेचर यांच्यासारखे अभ्यासक एकाहून अधिक हेतू एकत्र आल्याचे मानतात. उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. मूळ सूचना कामराज यांची, व्याप्ती आणि नावांची निवड नेहरूंची, अशी विभागणी केल्यास बऱ्याच विसंगती मिटतात.

अंमलबजावणी : ऑगस्ट १९६३ च्या दुसऱ्या आठवड्यात (बहुतेक संदर्भांत १० ऑगस्ट) अखिल भारतीय काँग्रेस समितीने योजनेला मान्यता दिली. केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री यांनी राजीनामे नेहरूंच्या हाती सोपवले. नेहरूंनीही पद सोडण्याची तयारी दाखवली. ती समितीने अमान्य केली आणि कोणाचा राजीनामा स्वीकारायचा याचा निर्णय त्यांच्यावरच टाकला. अविश्वास ठराव फेटाळल्यानंतर दोन दिवसांनी, २४ ऑगस्टला, नावे जाहीर झाली. केंद्रातून मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवन राम, स. का. पाटील, बी. गोपाल रेड्डी व के. एल. श्रीमाळी, राज्यांतून कामराज, बिजू पटनाईक, चंद्रभानू गुप्त (उत्तर प्रदेश), विनोदानंद झा (बिहार), भगवंतराव मंडलोई (मध्य प्रदेश) व बक्षी गुलाम महंमद (जम्मू-काश्मीर).

‘सहा मुख्यमंत्री’ ही रूढ नोंद काटेकोर नाही. बक्षींचे पदनाम त्या काळी ‘पंतप्रधान’ होते आणि त्यांचा पक्ष काँग्रेस नसून नॅशनल कॉन्फरन्स होता. काँग्रेसच्या ठरावाने ते कोणत्या अर्थी बांधले गेले, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. त्यांच्या जाण्यानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १९६३ मध्ये, श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील, प्रेषित महंमदांचा मानला जाणारा पवित्र केस नाहीसा झाल्याचे प्रकरण उद्भवले आणि नवे सरकार कोलमडले.

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांचे नाव यादीत नव्हते. यशवंतराव चव्हाण आदल्या वर्षीच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले होते. मुंबईचे नाव आले ते पाटील यांच्या रूपाने. मुंबई प्रदेश काँग्रेस ही महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसहून वेगळी समिती होती आणि तिच्यावर पाटील यांची पकड अनेक वर्षांची होती. संघटनेत परत पाठवण्याची गरज ज्यांना सर्वांत कमी, अशांत त्यांची गणना करावी लागेल.

परिणाम : रिकाम्या जागा भरताना राज्याराज्यांत गटबाजी उफाळली. उत्तर प्रदेशात गुप्त गटाने कमलापती त्रिपाठींच्या विरोधात सुचेता कृपलानींना उभे केले आणि त्या भारतातील पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या पतीने त्याच काँग्रेसविरुद्ध अविश्वास ठराव आणून दोन महिनेही झाले नव्हते. ओरिसात पटनाईकांचे निकटवर्ती बिरेन मित्र, मद्रासमध्ये एम. भक्तवत्सलम, बिहारमध्ये के. बी. सहाय, मध्य प्रदेशात द्वारकाप्रसाद मिश्र आले. अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारींकडे गेले, सक्तीच्या बचत योजनेचा बराच भाग त्यांनी मागे घेतला. मतदारांना प्रत्यक्ष जाणवलेला योजनेचा परिणाम एवढाच असावा, आणि तोही आनुषंगिक.

पद सोडलेल्यांनी नेमके काय करावे, याचा आराखडा योजनेत नव्हता. जिल्हा समित्या, सदस्यनोंदणी, निधी, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांविषयी तपशील आढळत नाहीत. शास्त्री जानेवारी १९६४ मध्येच, नेहरूंना भुवनेश्वर अधिवेशनात पक्षाघाताचा झटका आल्यानंतर, बिनखात्याचे मंत्री म्हणून परतले. पाटील जूनमध्ये रेल्वेमंत्री झाले. अपवाद कामराज यांचा. २ ऑक्टोबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद सोडून ते पक्षाध्यक्ष झाले. अतुल्य घोष, संजीव रेड्डी, निजलिंगप्पा, पाटील यांच्यासह त्यांचा जो गट ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखला गेला, त्याने १९६४ मध्ये शास्त्री आणि १९६६ मध्ये इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदी निवड घडवून आणली. दुसऱ्या वेळी देसाईंनी माघार घेतली नाही आणि संसदीय पक्षात ३५५ विरुद्ध १६९ असे मतदान झाले. अध्यक्षपदाला वजन आले, ते असे.

मतपेटीत याचे प्रतिबिंब पडले नाही. १९६७ मध्ये काँग्रेस लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागांवर आली व अनेक राज्यांतील सत्ता गेली. मद्रासमध्ये १९६५ चे हिंदीविरोधी आंदोलन आणि तांदळाची टंचाई हे विषय निर्णायक ठरले. द्रमुकने रुपयाला तीन माप तांदूळ देण्याचे आश्वासन दिले होते. ज्यांच्या कारकिर्दीत शाळांतून दुपारचे जेवण सुरू झाले, ते कामराज विरुधुनगर या आपल्याच गावच्या मतदारसंघात पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थिनेत्याकडून १,२८५ मतांनी हरले. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी पाटील यांचा पराभव केला. घोष आणि पटनाईकही पडले.

नंतरचे उल्लेख : १९६९ मध्ये काँग्रेस फुटल्यानंतर कामराज इंदिरा गांधींच्या विरोधातील संघटना काँग्रेसमध्ये राहिले. पुढे नेतृत्वबदलाचे अनेक प्रयोग या योजनेशी ताडून पाहिले गेले. भारतीय जनता पक्षाने सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातचे विजय रूपाणी यांच्यासह संपूर्ण मंत्रिमंडळ बदलले व पुढील वर्षी विधानसभेच्या १८२ पैकी १५६ जागा जिंकल्या. मात्र तेथे वगळलेल्यांना संघटनेत पाठवणे हा घोषित उद्देश नव्हता. काँग्रेसच्या मे २०२२ मधील उदयपूर शिबिरात ‘एक व्यक्ती, एक पद’ आणि पदाची पाच वर्षांची मर्यादा यांवर भर दिला गेला.