ताशी दराच्या गणितातून उभा राहिलेला धंदा: कंत्राटदारांच्या कोचिंगची पार्श्वभूमी

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसीवाले, छपराची कामं करणारे यांना धंदा शिकवणारे कोच अमेरिकेत आज पैशाला पासरी झाले आहेत. महिन्याची फी, आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, वर्षातून एखादं मोठं संमेलन आणि ‘उलाढाल दुप्पट करू’ अशी जाहिरात, असा साधारण मामला. आपल्याकडेही इंटिरियरवाले, फॅब्रिकेशनवाले, छोटे बिल्डर यांच्यासाठीच्या शिबिरांच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागल्या आहेत. हे सगळं प्रेरणादायी भाषणांचंच एक पिल्लू आहे, असं कुणालाही वाटेल. त्याचं मूळ मात्र फार रुक्ष आहे. एका तासाच्या कामाचे पैसे किती घ्यायचे, या प्रश्नात ते सापडतं.

संघटना जुन्या होत्या. अमेरिकेतल्या मास्टर प्लंबरांनी १८८३ साली न्यूयॉर्कला एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली. तिचे विषय म्हणजे परवाने, सांडपाण्याचे नियम, शिकाऊ मुलांचं प्रशिक्षण आणि घाऊक व्यापारी थेट गिऱ्हाइकाला माल विकतात त्याबद्दलची तक्रार. पुढे यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या डीलरांना शिकवायला सुरुवात केली, पण त्यांचा रस यंत्रं खपण्यात. बांधकाम कंत्राटदारांच्या व्यवस्थापनाकडे वेगळा विषय म्हणून बघणाऱ्या सल्लागार संस्थांपैकी एक जुनी संस्था १९५३ साली डॉ. एमोल फेल्स यांनी नॉर्थ कॅरोलायनात काढली. (फेल्स या आडनावावरून ठेकेदारांनी काय काय विनोद केले असतील, ते सोडा.) पण असा सल्ला परवडायचा तो मोठ्या कंत्राटदारांना. दोन गाड्या आणि तीन माणसं घेऊन फिरणाऱ्या प्लंबरच्या वाटेला कुणी जात नव्हतं.

त्याला जाग आणली मंदीने. १९७८ मध्ये अमेरिकेत सुमारे वीस लाख घरांची कामं सुरू झाली होती; १९८२ मध्ये हा आकडा साडेदहा लाखांच्या आसपास आला. गृहकर्जाचा व्याजदर १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये १८ टक्क्यांच्या वर गेला होता. नवी घरं नाहीत म्हणजे नवे नळ नाहीत, नव्या वायरी नाहीत. बिल्डरच्या कामावर जगणारे कितीतरी जण दुरुस्तीकडे वळले, आणि तिथे गणितच वेगळं निघालं. बिल्डरकडे एकाच जागी महिनाभर काम असायचं. दुरुस्तीत माणूस दिवसातले कितीतरी तास गाडीत, दुकानात आणि गिऱ्हाइकाच्या दारात घालवतो. त्या तासांचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

इथे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचे प्लंबर फ्रँक ब्लाऊ येतात. प्लंबिंगच्या धंद्यातल्या मासिकात सदर लिहून आणि गावोगाव शिबिरं घेऊन त्यांनी एकच गोष्ट लावून धरली: शेजारचा काय घेतो ते विचारून आपला दर ठरवू नका, कारण शेजाऱ्यालाही त्याचा खर्च माहीत नाही. बोलणं तिखट, आणि समोर बसलेले बहुतेक लोक हयातभर शेजाऱ्याचं बघूनच दर लावत आलेले.

त्यांचं गणित समजण्यापुरते आकडे घेऊन मांडतो. कामगाराला तासाला २० डॉलर पगार. आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २,०८० तास आणि ४१,६०० डॉलर. त्यावर कर आणि विमा धरून ५०,००० पकडू. गाडी, इंधन, हत्यारं, ऑफिसचं भाडं, फोन उचलणारी मुलगी, जाहिरात, वकील, बुडीत उधारी या सगळ्यातला त्या एका माणसामागचा वाटा आणखी ५०,०००. झाले एक लाख. मालक सहसा हे २,०८० ने भागतो आणि तासाला ४८ डॉलर खर्च आला म्हणून समाधान मानतो. पण सुट्ट्या, प्रवास, सामान आणणं, फुकट गेलेल्या फेऱ्या वजा करून खरोखर बिल झालेले तास हजारच भरले, तर खर्च तासाला १०० डॉलर पडतो. शेजाऱ्याचं बघून ६० लावले, तर प्रत्येक तासाला ४० डॉलर खिशातून जातात. शिवाय याच हिशेबाने जितकी माणसं जास्त, तितका खड्डा मोठा.

दुसरी चूक त्याहून बारीक. २० टक्के नफा हवा म्हणून मालक १०० वर २० चढवतो आणि १२० लावतो. पण विक्रीच्या २० टक्के नफा हवा असेल तर १०० ला ०.८ ने भागायला हवं. दर येतो १२५. हे पाच डॉलर हजार तासांना गुणून बघा.

आता तासाला १२५ डॉलर म्हटल्यावर गिऱ्हाईक दारातच भांडणार. त्यावर उपाय म्हणून तासाचा दर सांगणंच बंद झालं. मोटार गॅरेजांमध्ये ठरावीक कामाला ठरावीक वेळ धरून आकारणी करायची पद्धत जुनी होती; तीच प्लंबरांनी उचलली. नळ बदलायचा अमुक, गिझर बसवायचा तमुक, असं छापील दरपुस्तक गाडीत ठेवायचं आणि काम सुरू करायच्या आधी आकडा दाखवायचा. गिऱ्हाइकाला आधीच रक्कम कळते, हा फायदा खराच. पण वीस मिनिटांत उरकलेल्या कामालाही पूर्ण पैसे पडतात. त्यातच कामगाराला विक्रीवर कमिशन लावलं की दुरुस्त होणारं यंत्र ‘बदलायला झालं’ ठरायला वेळ लागत नाही. या पद्धतीवर अमेरिकेत अजूनही वाद होतात, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंचं बरंचसं खरं आहे.

१९८६ मध्ये मायकेल गर्बर यांच्या पुस्तकाने आणखी एक विचार लोकप्रिय केला: काम उत्तम येतं म्हणून धंदाही चालवता येईल, ही समजूतच घातक आहे. कंत्राटदारांना ते फारच लागू पडलं. मग १९९२ मध्ये ब्लाऊ आणि त्यांच्यासारख्याच विचाराच्या मंडळींनी ‘कॉन्ट्रॅक्टर्स २०००’ हा सभासदांच्याच मालकीचा गट उभा केला. तोच आज नेक्सस्टार नावाने चालतो. अशा गटांची खरी ताकद व्याख्यानांत नसते. वेगवेगळ्या शहरांतले मालक एकमेकांचे स्पर्धक नसतात, त्यामुळे ताळेबंद उघडून एकमेकांसमोर ठेवता येतो. तुझा जाहिरातीचा खर्च आठ टक्के का आणि माझा तीन का, हे विचारणारा माणूस आपल्याच गावात मिळत नाही.

कोचिंग हा स्वतंत्र पेशा म्हणून उभा राहिला तोही याच सुमाराला. थॉमस लेनर्ड यांनी १९९२ मध्ये कोच घडवणारी शाळा काढली, १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कोच महासंघ आला. गंमत अशी, की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत नळ जोडायला परवाना लागतो. नळ जोडणाऱ्याला धंदा शिकवायला काही लागत नाही.

यानंतर पैसा शिरला. हिशेब नीट ठेवणाऱ्या, सारख्या पद्धतीने चालणाऱ्या कंपन्या एकत्र करून शेअर बाजारात नेता येतात, हे गुंतवणूकदारांच्या लक्षात आलं. १९९६-९७ च्या सुमारास सर्व्हिस एक्स्पर्ट्स, अमेरिकन रेसिडेन्शियल सर्व्हिसेस, कम्फर्ट सिस्टिम्स अशा कंपन्या छोटे ठेकेदार विकत घेत मोठ्या झाल्या. सगळ्यांना ते झेपलं नाही. सर्व्हिस एक्स्पर्ट्स २००० मध्ये एसी बनवणाऱ्या लेनॉक्स कंपनीने घेतली आणि २०१३ मध्ये विकून टाकली. २०१० मध्ये डायरेक्ट एनर्जी या वीज-गॅस विकणाऱ्या कंपनीने क्लॉकवर्क ही कंपनी १८.३ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा प्लंबिंग आणि एसीच्या फ्रँचायझींबरोबर ठेकेदारांना शिकवणारा गटही त्या सौद्यात होता. तेव्हापासून कोचिंगचा सूर बदलला. पूर्वी प्रश्न होता, मी तोट्यात का आहे? आता अनेक मालक विचारतात, कंपनी विकायची झाली तर भाव किती येईल? २०१२ मध्ये दोन ठेकेदारांच्या मुलांनी सुरू केलेली सर्व्हिसटायटन ही ठेकेदारांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारात गेली. जे आकडे ब्लाऊ वहीत मांडायला सांगत, ते आता पडद्यावर आपोआप येतात.

भारतात गाडी दुसऱ्याच रुळावरून आली. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेबरोबर आंध्रातल्या काकीनाड्यात प्रयोग केला. छोट्या व्यावसायिकांमध्ये काही करून दाखवण्याची ईर्षा प्रशिक्षणाने वाढवता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. पुढच्या उद्योजकता प्रशिक्षणावर त्याची छाप पडली. १९८३ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय पातळीवरची संस्था आली, १९८८ मध्ये औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. प्रकल्प अहवाल आणि बँकेचं कर्ज हेही तिथे शिकवतात, पण मुख्य भर धंदा सुरू करण्यावर. मिलवॉकीत वहीपासून सुरुवात झाली, आपल्याकडे मनापासून. आजच्या मराठी शिबिरांत घोषणा जास्त आणि भागाकार कमी का, याचं निदान एक कारण इथे असावं.

दुसरं कारण कामाच्या स्वरूपात आहे. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ मध्ये पुण्यात स्थापन झाली, म्हणजे कंत्राटदारांची संघटना आपल्याकडेही जुनीच. पण सरकारी कामात दर दरसूची ठरवते. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दर-विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात, आणि निविदेत लोक त्याहून खाली बोली लावून मोकळे होतात. नंतर रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं टप्प्याटप्प्याने द्यायचं बिल, अडकतं, अनामत अडकते. ‘स्वतःचा दर स्वतः ठरवा’ हा अमेरिकन मंत्र इथे फारसा चालत नाही. इथे शिकण्यासारखं आहे ते कुठल्या निविदेवर पाणी सोडायचं आणि बिल येईपर्यंत मजुरी कुठून द्यायची, हे.

घरगुती दुरुस्तीत मात्र ठरावीक दराची पद्धत आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर आली, पण कोचमार्फत नव्हे, अॅपमार्फत. २०१४ मध्ये गुरुग्राममध्ये सुरू झालेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात आलेली अर्बन कंपनी कामागणिक आधीच दर दाखवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्याच कमिशनविरुद्ध ब्युटिशियन महिलांनी गुरुग्रामच्या कार्यालयासमोर धरणं धरलं होतं. इथे दर ठरवते कंपनी. पेट्रोल, हत्यारं आणि रिकामा गेलेला वेळ कारागिराच्या खात्यावर.