नृत्यवर्ग (पुणे)

नृत्यवर्ग म्हणजे महिन्याचे किंवा सत्राचे शुल्क घेऊन, ठरलेल्या वारी व वेळी, गटाने नृत्य शिकवण्याची व्यवस्था. पुण्यात तिची दोन रूपे शेजारीशेजारी नांदतात. सदाशिव पेठ, कोथरूड भागात शहाबादी फरशीच्या हॉलमध्ये घुंगरू बांधून चालणारा ‘ताईंचा क्लास’, आणि बाणेर, कल्याणीनगरकडे भिंतभर आरसे असलेला ‘स्टुडिओ’. दोन्हीकडे विद्यार्थ्यांच्या पातळ्या पाडलेल्या असतात. पण पातळी कशावरून ठरते, याची उत्तरे मात्र दर शैलीगणिक निराळी.

शहराची मुख्य ओळख कथकची. रोहिणी भाटे (१९२४–२००८), शिष्यवर्गाच्या बेबीताई, यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने नाचणे सहज मान्य होण्याचा तो काळ नव्हता. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे घेतलेल्या तालमीला त्यांनी संस्कृत-मराठी काव्याची आणि लेखन-विचाराची जोड दिली. पुण्यातल्या कथक क्लासात पढंत (नाचाचे बोल ताल धरून तोंडाने म्हणणे) आणि शास्त्र यांना जे वजन आहे, त्यामागे ही परंपरा आहे. शमा भाटे, मनीषा साठे, प्रभा मराठे यांच्यामुळे शहरात कथकच्या शिष्यशाखा विस्तारल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याचे पदवी व पदव्युत्तर शिक्षणही मिळते.

कथकच्या क्लासातली पातळी बहुतेक ठिकाणी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवरून सांगितली जाते. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार. प्रारंभिक सोडून प्रत्येकीचे ‘प्रथम’ आणि ‘पूर्ण’ असे दोन भाग. ‘ती मध्यमाला आहे’ एवढे म्हटले की पुण्यातल्या पालकांना पुरते. परीक्षक बाहेरचे असतात. वरच्या परीक्षांना प्रात्यक्षिकाबरोबर लेखी उत्तरपत्रिकाही असते, त्यात बोल ताललिपीत लिहावे लागतात. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत क्लासाची गर्दी वाढते आणि दहावीनंतर ओसरते. या गुणांनी नृत्याचे भले किती झाले, हा वादाचा मुद्दा आहे. प्रवेशिकेच्या बॅचेस मात्र नक्कीच भरल्या.

पहिले वर्ष जाते ते तत्कारात, म्हणजे बोलांवर पावले टाकण्याच्या मूळ सरावात. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या आठ बोलांत पहिले चार उजवा, डावा, उजवा, डावा असे पडतात आणि पुढचे चार डाव्यापासून सुरू होतात. म्हणजे ‘तत्’ आणि त्यापुढचा ‘आ’ हे दोन्ही डाव्याच पायावर येतात. नवखा विद्यार्थी हमखास इथेच उजवा पाय टाकतो. बराबरीच्या लयीत हे जमल्यावर दुगुन, चौगुन (दुप्पट, चौपट लय), आणि मग तीनतालाच्या सोळा मात्रांत बसवलेले तोडे (छोट्या रचना), तिहाया (तीनदा येऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारे बोल), चक्रदार (तिहाईसकट तीनदा फिरणारी रचना). हातावर ताल धरून पढंत करताना सम हुकली नाही, तर विद्यार्थी खरोखर पुढे गेला असे समजावे; प्रमाणपत्र काहीही म्हणो.

भरतनाट्यमलाही याच मंडळाच्या परीक्षा आहेत, पण तिथली खरी वेस म्हणजे अरंगेत्रम्, म्हणजे रंगमंचावरचे पहिले पूर्ण एकल सादरीकरण. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसून) अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, घोटायचे, मग अलारिप्पू, जतिस्वरम्, वर्णम् असे करत तिल्लान्यापर्यंत पोहोचायचे, आणि हा पूर्ण मार्गम् (रचनांचा ठरलेला क्रम) एकट्याने रंगमंचावर पेलायचा. हा क्रम मुळात तंजावरच्या मराठा दरबारात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांच्या हातून घडला, तेव्हा तो मराठी माणसाला परका म्हणता येत नाही. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचनांवर आचार्य पार्वतीकुमार यांनी काम केले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात ‘नृत्यगंगा’ या नावाने भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची बैठक दिली.

लावणीला अशी रूढ पायरी नाही. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरच्या संगीतबारीत (लावणी कलावंतांच्या पार्ट्यांच्या बैठकीत) ती घराण्यातून आणि समोरच्या प्रेक्षकांतून शिकली जाते. क्लासात ती बहुधा कोळीनृत्याबरोबर ‘लोकनृत्य’ या सदरात, स्नेहसंमेलनापुरती येते. ढोलकीवरचा ठेका आणि ठसका उचलला जातो. बसून एकाच ओळीवर नाना भाव दाखवण्याची बैठकीच्या लावणीतली अदाकारी राहून जाते. हे नुकसान मोठे आहे.

स्टुडिओत बॉलिवूड, हिप-हॉप, कंटेम्पररी, साल्सा, बचाटा असे फलक दिसतात आणि पातळ्या बिगिनर, इम्प्रूव्हर, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड अशा. त्या ठरवणारे सामाईक मंडळ नसल्याने एका स्टुडिओचा इंटरमिजिएट दुसरीकडे बिगिनर ठरू शकतो. साल्साही आठच काउंटवर मोजतात, पण तिथे चौथ्या आणि आठव्या काउंटला पाऊल पडत नाही. तत्कारात घोटलेले पाय या रिकाम्या जागी थांबायला तयार नसतात, आणि कथक सोडून साल्साकडे आलेल्यांची सुरुवातीला तिथेच गाडी अडते. साल्सात वरची पातळी म्हणजे अधिक गिरक्या नव्हेत. अनोळखी जोडीदाराबरोबर, आधी न बसवलेल्या गाण्यावर, हाताच्या इशाऱ्याने नाचता येणे, हे तिचे माप. हिप-हॉपमध्ये ब्रेकिंग हे नृत्य न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधले, तर लॉकिंग-पॉपिंग कॅलिफोर्नियातले. तिथे बसवलेला नाच पाठ असणे ही खालची पायरी, फ्रीस्टाइल, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसे नाचणे, ही वरची. बॉलिवूड बॅचमध्ये पातळीपेक्षा प्रसंग महत्त्वाचा: सोसायटीचा गणपती, लग्नातले संगीत. झुम्बा कोलंबियाच्या बेतो पेरेझ यांनी घडवलेला व्यायामप्रकार आहे. नृत्यवर्गाच्या वेळापत्रकात असूनही त्यात पातळ्या नसतात.

अलीकडे तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांसाठी सकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या स्वतंत्र बॅचेस निघाल्या आहेत. यांतल्या कित्येकींनी शाळेत असताना प्रवेशिका दिलेली असते. त्यांना कुठे बसवावे हा ताईंपुढचा नेहमीचा पेच: बोल तोंडपाठ असतात, गुडघे साथ देत नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्यांना पुन्हा तत्कारापासूनच सुरुवात करायला लावतात.