विमानाच्या टाकीत गाडीचे पेट्रोल

सेसना 150 या दोन आसनी विमानात गाडीचे पेट्रोल वापरायला अमेरिकेत 1982 साली अधिकृत मान्यता मिळाली. त्यामागे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी वैमानिकांच्या संस्थेची खटपट होती. पेट्रोल स्वस्त पडते हे खरेच, पण प्रश्न इंजिनाच्या तब्येतीचाही होता. या विमानाचे 100 अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन 80 ऑक्टेनच्या इंधनासाठी बनवलेले (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या इंधनाच्या क्षमतेचे माप). ते इंधन मिळेनासे झाले आणि त्याची जागा 100 एलएल या 100 ऑक्टेनच्या, शिसे मिसळलेल्या विमानाच्या पेट्रोलने घेतली. त्यात जुन्या इंधनाच्या चौपट शिसे असू शकते. हे शिसे स्पार्क प्लगवर साचते आणि प्लग ठिणगी देईनासा होतो.

ऑक्टेनची अडचण इथे नाहीच. या इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साधारण सातपटच दाबले जाते, तेवढ्याला साधे पेट्रोल पुरते. खरी काळजी असते वाफेची. विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, 38 अंश सेल्सिअसच्या आसपास 38 ते 49 किलोपास्कल इतकाच ठेवतात. गाडीच्या पेट्रोलचा दाब याहून जास्त असतो. थंड प्रदेशात गाड्या चटकन सुरू व्हाव्यात म्हणून हिवाळ्यात विकले जाणारे पेट्रोल तर मुद्दाम जास्त उडून जाणारे बनवतात. त्याचा दाब शंभराच्या घरात जाऊ शकतो. दहा हजार फुटांवर हवेचा दाब असतो जेमतेम 70 किलोपास्कल. टाकीत उरलेले हिवाळ्यातले पेट्रोल घेऊन उन्हाच्या दिवशी उड्डाण केले, तर तापलेल्या नळीतच ते उकळू लागते. बुडबुड्यांनी वाट अडते आणि इंजिन उपाशी पडते. सेसना 150 चे पंख वर असल्याने इंधन आपल्या वजनानेच खाली उतरते. पंख खाली असलेल्या विमानात पंपाला ते ओढून घ्यावे लागते. ओढताना दाब आणखी घटतो, म्हणून तिथे धोका अधिक.

दुसरा शत्रू इथेनॉल. जुन्या विमानांतले रबर आणि टाकीचे सीलंट त्याने खराब होते, शिवाय ते पाणी शोषते. म्हणून अशा मान्यतांमध्ये इथेनॉलला सहसा साफ मनाई असते. ते ओळखायची युक्ती सोपी आहे: काचेच्या नळीत थोडे पाणी घ्या, पातळीवर खूण करा, पेट्रोल ओतून हलवा आणि थांबा. पाणी खुणेच्या वर गेलेले दिसले, तर पेट्रोलात इथेनॉल आहे. आपल्याकडच्या पंपांवरचे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल या परीक्षेत नापासच होणार. मुळातच गाडीचे पेट्रोल चालेल असे बनवलेले ऑस्ट्रियाचे रोटॅक्स 912 इंजिनही 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल स्वीकारते.

मिश्रण जास्त दाबणाऱ्या मोठ्या इंजिनांना 100 ऑक्टेनच लागते, त्यांच्यासाठी गाडीचे पेट्रोल कामाचे नाही. तिथे जी100यूएलसारखी शिसेविरहित इंधने हवीत. जी100यूएलला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. पण ज्या लहान इंजिनांना शिशाची गरजच नाही, त्यांच्या धुरातून ते विमानतळाशेजारच्या मुलांच्या श्वासात जावे, हे मला मान्य नाही. त्या मुलांसाठी तरी विमानतळांवर इथेनॉलमुक्त साधे पेट्रोल मिळायला हवे.